पहाटेचे अर्थशास्त्र

लवकर उठावे हा उपदेश आपण शाळेच्या पहिल्या पुस्तकापासून ऐकत आलो आहोत. लवकर उठणाऱ्याला आरोग्य लाभते, त्याची बुद्धी तल्लख होते आणि त्याच्या घरी लक्ष्मी नांदते, असे वडीलधारी माणसे सांगतात. अलीकडे तर यशस्वी उद्योजकांच्या दिनचर्येवर पुस्तके निघतात, व्याख्याने होतात. पहाटे पाचला उठणे, मग व्यायाम, ध्यान, थोडे वाचन आणि त्यानंतर दिवसाच्या कामाची आखणी, असा क्रम त्यांत दिलेला असतो. हा उपदेश चुकीचा आहे असे कोणीच म्हणणार नाही. परंतु ज्यांना तो कोणी कधी केला नाही आणि करण्याची गरजही पडली नाही, अशा स्त्रियांचा एक फार मोठा वर्ग आपल्या आजूबाजूला आहे. मासळी विकणारी कोळीण, भाजीवाली, गजरे विकणारी फुलवाली, डबे करून देणारी, पापड लाटणारी, स्टेशनबाहेर चहा-पोह्यांची गाडी लावणारी, या सर्वजणी आपल्या आधी उठतात. आपण अंथरुणात कूस बदलत असतो तेव्हा त्यांच्या दिवसाचे निम्मे काम झालेले असते.

या स्त्रियांना उद्योजिका म्हणण्याची आपल्याला सवय नाही. वस्तुतः जोखीम पत्करून उत्पादन वा व्यापार करणारी व्यक्ती म्हणजे उद्योजक, ही पाठ्यपुस्तकातली व्याख्या त्यांना तंतोतंत लागू पडते. भांडवल घालायचे, माल पारखायचा, भाव ठरवायचा, उधारी सांभाळायची आणि माल अंगावर पडला तर तोटाही सोसायचा, ही सारी कामे त्या करतात. फरक इतकाच, की त्यांच्या धंद्याला कचेरी नाही, पाटी नाही आणि बहुतेक वेळा वहीसुद्धा नाही. हिशेब डोक्यात असतो.

प्रस्तुत लेखात अशा तीन धंद्यांच्या पहाटेचा विचार करावयाचा आहे: मासळी, खानावळ आणि पापड. तिन्ही मुख्यतः मुंबईतले घेतले आहेत, कारण त्यांची माहिती पुष्कळ नोंदली गेली आहे. पण आपल्या गावच्या बाजारात उभे राहून पाहिले तर यांतले बरेचसे तिथेही आढळेल. प्रश्न साधा आहे. या स्त्रिया पहाटे चारला उठतात, पण ती चारची वेळ ठरवतो कोण?

जात्यापासून गिरणीपर्यंत

पहाटेचा आणि बाईच्या कामाचा संबंध आपल्याकडे जुना आहे. पिठाची गिरणी गावोगाव पोचण्यापूर्वी घरातले दळण पहाटेच होई. दिवस उजाडल्यावर शेतावर जायचे, पाणी भरायचे, भाकऱ्या करायच्या. तेव्हा दळायला वेळ उरतो तो अंधारातलाच. एकटीने किंवा सासू-सुनेने, जावा-जावांनी समोरासमोर बसून जाते ओढायचे आणि श्रम हलके व्हावेत म्हणून ओव्या गायच्या, ही रीत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० नंतरच्या काळात आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपण कला शाखेचे विद्यार्थी त्या ओव्यांकडे लोकसाहित्य म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण त्या ओव्या कामाच्या वेळेत जन्मल्या, आणि त्या कामाला कोणी कधी दाम दिला नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

पुढे यंत्राची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. पहाटेचे दोन तास बाईला परत मिळाले. ते मिळाले याचे कारण बाई अधिक शिस्तीची झाली हे नव्हे, तर तिच्या अंगावरचे एक काम दुसऱ्या कोणीतरी उचलले. ही गोष्ट साधी वाटते. पण पुढच्या तिन्ही धंद्यांत आपल्याला तीच निरनिराळ्या रूपांत भेटणार आहे.

मालाची वेळ

मुंबईच्या कुलाबा भागातली ससून गोदी १८७५ साली बांधली गेली. प्रारंभी ती कापसासारख्या मालाच्या चढ-उतारासाठी होती. पुढे ती मासळीचे बंदर म्हणून प्रसिद्ध झाली. तिथे आणि भाऊच्या धक्क्यावर मासळीचा घाऊक बाजार पहाटे भरतो. बोटी धक्क्याला लागतात, टोपल्या वर येतात, मासळीचे ढीग पडतात आणि दिव्यांच्या उजेडात लिलाव सुरू होतात. उजाडेपर्यंत चांगला माल संपलेला असतो. म्हणून कोळणीला चार वाजता घराबाहेर पडावे लागते. वसई-विरारकडून किंवा खाडीपलीकडून येणारीला त्याहूनही आधी.

ही वेळ तिने ठरवलेली नाही, ती मासळीने ठरवलेली आहे. मासळी पाण्याबाहेर काढल्या क्षणापासून तिचा कस उतरू लागतो. आपल्यासारख्या उष्ण हवेत ती टिकवायची तर जवळजवळ मासळीइतकाच बर्फ लागतो, आणि बर्फाला पैसे पडतात. ऊन चढण्यापूर्वी माल बाजारात पोचला तर बर्फ कमी लागतो, मासळी ताजी दिसते आणि भाव टिकतो. दुपारी बारानंतर तोच पापलेट निम्म्या भावाने द्यावा लागण्याची पाळी येते. म्हणजे पहाटेच्या एकेका तासाला अक्षरशः किंमत आहे.

त्या अर्ध्या उजेडात तिने करावयाची कामे पाहिली म्हणजे त्यात किती ज्ञान गुंतलेले आहे याची कल्पना येते. कल्ले उघडून ते लाल आहेत की काळपट पडले आहेत हे पाहायचे. डोळे चमकदार आहेत की आत गेले आहेत हे पाहायचे. बोटाने दाबून खळगा लगेच भरून येतो की तसाच राहतो हे पाहायचे. हे सारे करताना लिलावाचा पुकार चालूच असतो आणि किती भावापर्यंत जायचे हे मनात पक्के ठरलेले असावे लागते. त्यातच तिला दिनदर्शिकाही ध्यानात ठेवावी लागते. रविवार, बुधवार, शुक्रवार हे मासळीचे वार. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला गिऱ्हाईक कमी. श्रावण तर बहुतेक घरांत पाळलेलाच. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत पुष्कळजणी सुके बोंबील, सुकट, जवळा यांवर धंदा चालवतात. ही तजवीज पावसापूर्वी, उन्हाळ्यातच करून ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मोठा ढीग एकटीच्या आवाक्याबाहेरचा असला म्हणजे तिघी-चौघी मिळून तो भागीत घेतात आणि तिथल्या तिथे वाटे करतात. लिलावात एक बोलते, बाकीच्या पाठीशी उभ्या राहतात. टेम्पोचे भाडेही असेच वाटून घेतले जाते. लोकलच्या मालडब्यात टोपल्या चढवताना एकीला दुसरीचा हात लागतोच. भाव करताना एकमेकींशी कडाकडा भांडणाऱ्या या बायका पहाटेच्या कामात मात्र एकमेकींवाचून हलू शकत नाहीत.

नळाची आणि भोंग्याची वेळ

दुसरा धंदा खानावळीचा. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा या भागांत, कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार एकेकटे राहत. कुटुंब गावी, आपण इथे. दहा-पंधरा जणांनी मिळून एक खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला एखाद्या बाईकडे खानावळ लावायची, अशी पद्धत होती. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, आपला संसार सांभाळून, अशी बाई वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करी.

तिची पहाट दोन गोष्टींनी ठरे. पहिली पाळी सकाळी सातच्या सुमारास सुरू होई, तेव्हा त्यापूर्वी डबे भरून तयार हवेत. आणि चाळीतला सामाईक नळ पहाटेच्या ठरावीक वेळेपुरताच येई, तेव्हा त्या वेळात पिंपे, हंडे, कळश्या भरून झाल्या पाहिजेत. भोंगा आणि नळ या दोहोंच्या मध्ये शंभर-सव्वाशे पोळ्या-भाकऱ्या, भाजी आणि आमटी बसवायची. पाणी भरायला एक माणूस आणि चुलीपाशी एक माणूस, अशी दोन माणसे एकाच वेळी लागत. ते दुसरे माणूस बहुधा तिची मुलगी असे. या मुलीकडे आपल्याला पुन्हा वळावयाचे आहे.

आता या धंद्याच्या पैशाकडे पाहू. कामगाराचा पगार महिन्याने होई, म्हणून खानावळीचे पैसेही महिन्याने मिळत. धान्य, तेल, रॉकेल, भाजी मात्र रोज लागे. मधला महिना काढायचा कसा? वाण्याकडून उधारीवर माल घ्यायचा. उधारीचे गिऱ्हाईक म्हटले की वाणी भाव चढा लावणार आणि माल देईल तो घ्यावा लागणार. अधिक नड आली तर सावकार, नाहीतर गळ्यातले मंगळसूत्र गहाण. पहाटे चारला उठून मिळवलेल्या पैशाचा मोठा हिस्सा असा व्याजात जाई.

गिरणी कामगारांच्या चळवळीत आणि त्यापूर्वी गोवा मुक्तिलढ्यात काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली, ती या खानावळवाल्या स्त्रियांना एकत्र आणून. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि लहान व्यावसायिकांना कर्ज द्यावे असे सरकारचे धोरण होते. पण चाळीतल्या बाईला तारण काय देता येणार? तेव्हा या स्त्रियांचे गट करण्यात आले. एकीच्या कर्जाची हमी गटातल्या इतरजणींनी घ्यायची, असा मार्ग निघाला आणि बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचले. हातात रोख आल्यावर धान्य एकदम आणि पारखून घेता येऊ लागले. वाण्याच्या दारात ताटकळणे कमी झाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु गिरणीचा भोंगा थांबला म्हणजे त्या भोंग्यावर बेतलेली हजारो चुलींची पहाटही थांबली, ही गोष्ट सहसा लिहिली जात नाही. आपला धंदा एकाच गिऱ्हाइकावर उभा असला म्हणजे काय होते, याचा हा कठोर धडा होता.

भांडवलाची वेळ

मालाची वेळ पाहिली, नळाची पाहिली. तिसरी एक वेळ असते, ती उसन्या भांडवलाची. आणि ती सर्वांत निष्ठुर असते. अहमदाबादच्या माणेकचौकातल्या भाजीवाल्या स्त्रियांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्या पहाटे ५० रुपये उसने घेत, त्यांची भाजी आणीत आणि संध्याकाळी ५५ रुपये परत करीत. एका दिवसाला शेकडा दहा, असा हा दर झाला.

याचा अर्थ काय होतो, हे एक लहानसे उदाहरण मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका बाईने पहाटे २००० रुपयांचा माल घेतला. हमाली, गाडीभाडे, बर्फ यांना २५० रुपये गेले. दुपारपर्यंत सारा माल २७५० रुपयांना विकला गेला. हाती उरले ५०० रुपये. ती चार वाजता घरून निघाली आणि एक वाजता मोकळी झाली, म्हणजे नऊ तास झाले. तासाला सुमारे ५५ रुपये पडले. आता हेच २००० रुपये तिने शेकडा दहाने उसने घेतलेले असतील, तर २०० रुपये व्याजाचे गेले आणि उरले ३००. तासाला पडले सुमारे ३३ रुपये. नऊ तासांतली साडेतीन तासांहून अधिक मेहनत व्याजापोटी खर्ची पडली. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर पहाटे चार ते साडेसात ती स्वतःसाठी नव्हे, सावकारासाठी राबली. अशा बाईला आणखी अर्धा तास आधी उठण्याचा उपदेश करून काय उपयोग?

हे ओळखूनच इला भट्ट यांच्या पुढाकाराने अहमदाबादेत १९७२ साली 'सेवा' ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी राहिली आणि १९७४ साली तिची सहकारी बँक निघाली. चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपये भाग भांडवल घातले. ज्यांना सही करता येत नाही त्या बँक कशी चालवणार, अशी शंका घेणारे होतेच. पण बँक चालली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवड येथे १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली, तीही ग्रामीण स्त्रियांनी उभी केलेली. दुष्काळी मुलखातल्या आठवडे बाजारात बसणाऱ्या, शेळ्या पाळणाऱ्या, लहानसहान धंदा करणाऱ्या बायकांना रोजची बचत आणि अडीनडीचे कर्ज मिळू लागले. बँकेचे व्याज वर्षाचे असते, दिवसाचे नसते. या एका फरकाने पहाटेच्या कष्टाचे मोल बदलून जाते.

वाटून घेतलेली पहाट

तिसरा धंदा पापडाचा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती स्त्रिया जमल्या. ८० रुपये उसने घेतलेले होते. त्या दिवशी त्यांनी चार पाकिटे पापड केले आणि एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले. पुढे हीच 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था झाली. या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. संस्थेत आज चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया काम करतात असे सांगतात, आणि त्यांत मराठी भगिनींची संख्या मोठी आहे.

पहिल्याच पावसाळ्यात या धंद्याला खीळ बसली होती. पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. पापड वाळू लागले. धंद्यातली युक्ती म्हणतात ती अशी, गरजेपोटी सुचलेली.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या संस्थेची पहाट. पापडाचे सर्वांत जड काम म्हणजे पीठ मळणे आणि कुटणे. उडदाचे पीठ, पापडखार, मिरी, हिंग यांचे प्रमाण नेमके जमले पाहिजे आणि पीठ चांगले कुटले गेले पाहिजे, नाहीतर पापड तडकतो. हे काम शाखेत भल्या पहाटे काही भगिनी करतात. बाकीच्या भगिनी पहाटे शाखेत येतात. पुष्कळ ठिकाणी त्यांना आणण्यासाठी संस्थेची गाडी असते. आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड त्या देतात. त्यांचे वजन होते, तपासणी होते, लाटणावळ मिळते. आणि ताजे पीठ घेऊन त्या घरी परततात. मग लाटण्याचे काम प्रत्येकीने आपल्या घरी, आपल्या सवडीने करायचे. मुलांना शाळेत पाठवून, स्वयंपाक उरकून, दुपारी शेजारणीबरोबर बसून लाटले तरी चालते. इथे काम करणारी प्रत्येक स्त्री संस्थेची सभासद, म्हणजे मालकीणही असते. नफ्या-तोट्यात सर्वांचा वाटा असतो.

लवकर उठणे इथेही चुकत नाही. पण पहाटेची जड कामे वाटली गेली आहेत. कच्चा माल आणण्याची चिंता एकटीला नाही, गिऱ्हाईक शोधण्याची चिंता नाही, उसन्या भांडवलाचा तगादा नाही, आणि केलेल्या कामाचे पैसे वेळच्या वेळी मिळतात. जात्याचे काम गिरणीने उचलले. इथे पहाटेचे ओझे संस्थेने उचलले. अर्थात लाटणावळीचा दर पुरेसा असावा, एकसारख्या बसण्याने येणाऱ्या पाठदुखीचा विचार व्हावा, हे प्रश्न उरतातच. सहकार म्हणजे सर्व दुःखांवरचा रामबाण उपाय नव्हे. तरीपण एकटीची पहाट आणि चौघींची पहाट यांत केवढे अंतर पडते, हे यावरून दिसते.

घरातली पहाट

इथवर आपण धंद्याची पहाट पाहिली. पण बाईच्या बाबतीत तिच्याआधी आणखी एक पहाट असते. चूल, पाणी, केर, धुणे, नवऱ्याचा आणि मुलांचा डबा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा चहा. पुरुष भाजीविक्रेता चारला उठतो तो सरळ बाजारात जातो. बाई चारला बाजारात पोचायची तर ती तीनला उठते.

याचे मोजमापही झालेले आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटे देतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे दोघांचेही काम थोडे घटले, पण अंतर जिथल्या तिथेच राहिले. दोहोंत सुमारे २०० मिनिटांचा फरक आहे. तीन तासांहून अधिक असा हा वेळ ज्या बाईला धंदाही करायचा आहे तिला कुठून तरी काढावा लागतो, आणि तो बहुधा झोपेतून काढला जातो.

कायद्यानेही या बाबतीत तिला फारसा हात दिलेला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना कारखान्यात सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवू नये असा सर्वसाधारण नियम घातला होता. त्या नियमाच्या गुणदोषांवर वाद झाले आणि पुढे तो सैलही झाला. पण जी बाई स्वतःच मालकीण आणि स्वतःच मजूर, तिला घड्याळ दाखवणारे कोणीच नाही. तिची सुट्टी, तिचे आजारपण, तिचे बाळंतपण, सारे तिच्या नफ्यातून वजा होते.

आता त्या मुलीकडे वळू, जी पहाटे नळावर उभी होती. आईच्या धंद्याच्या हिशेबात मालाचे पैसे असतात, भाडे असते, व्याज असते. मुलीचे तास मात्र कुठेच लिहिलेले नसतात. ती पाणी भरते, धाकट्यांना उठवते, भाजी निवडते, आणि मग पहिल्या तासाला धापा टाकीत वर्गात येते. किंवा येतच नाही. आपल्या महाविद्यालयात सकाळचे वर्ग भरतात. मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या मुलींपैकी कितीजणी कोणत्या वेळी उठून आल्या आहेत, हे आपण कधी विचारत नाही. आईची पहाट जर मुलीच्या शिक्षणाच्या खर्चाने चालत असेल, तर तो धंदा नफ्यात आहे असे अर्थशास्त्राला म्हणता येणार नाही. आणि तेच पाणी त्याच घरातल्या मुलाने भरायला कोणत्याही शास्त्राची हरकत नाही.

क्रम कसा लावावा

आपल्यापैकी काही विद्यार्थिनी उद्या स्वतःचा लहानसा व्यवसाय करतील. काहीजणी आताच घरच्या व्यवसायाला हातभार लावत असतील. त्यांच्यासाठी या तिन्ही धंद्यांतून निघणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पहाटेचे काम आदल्या संध्याकाळी सुरू होते. भाजी निवडून ठेवणे, डाळ भिजत घालणे, सुट्टे पैसे मोजून वेगळे बांधणे, पिशव्या आणि वजने जागेवर ठेवणे, ही कामे संध्याकाळी झाली तर सकाळी डोके शांत राहते. भवानीच्या वेळी सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाईक परत जाणे हा सर्वांत वाईट तोटा.

दुसरी गोष्ट, नाशवंत मालाचे काम आधी, टिकाऊ मालाचे नंतर. मासळी, फुले, दूध, पालेभाजी यांना थांबता येत नाही. मसाले, पापड, शिवणकाम यांना थांबता येते. ज्याला थांबता येते ते काम पहाटे अंगावर घेऊ नये. पुष्कळजणी सवयीने सारेच अंधारात उरकू पाहतात आणि विनाकारण झोप मोडतात.

तिसरी गोष्ट, वही ठेवावी आणि तीत पैशांबरोबर तासही लिहावेत. किती वाजता उठले, किती वाजता मोकळी झाले, कोणी मदत केली. महिनाभराने बेरीज केली म्हणजे आपल्या श्रमाला तासाला काय पडले ते कळते. ते कळल्यावाचून भाव ठरवता येत नाही. आपल्या बायका माल स्वस्त देतात याचे एक कारण, त्या स्वतःची मेहनत किमतीत धरतच नाहीत.

चौथी गोष्ट, एकटीने धंदा करावा, पण एकटीने पहाट काढू नये. दोघी-तिघींनी मिळून माल आणला, आलटून-पालटून बाजारात गेले, तर आठवड्यातून दोन दिवस तरी उजाडेपर्यंत झोपता येते. बचत गट केवळ कर्जासाठीच असतो असे नाही. तो वेळ वाचवण्यासाठीही वापरता येतो.

समारोप

प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. चारची वेळ बाई ठरवत नाही. ती मासळी ठरवते, नळ ठरवतो, सावकार ठरवतो आणि घरातल्यांच्या सवयी ठरवतात. यांपैकी मासळीला बदलता येणार नाही. समुद्राला कोणी वेळापत्रक घालून देऊ शकत नाही. बाकीच्या तिन्ही गोष्टी मात्र माणसांच्या हातच्या आहेत. नळाचे पाणी पुरेसे आणि वेळेवर देणे नगरपालिकेच्या हाती आहे, रास्त व्याजाचे भांडवल पोचवणे बँकांच्या आणि पतपेढ्यांच्या हाती आहे, आणि सकाळचा चहा कोणी करायचा हे तर आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.

तेव्हा पहाटे उठणाऱ्या बाईचे कौतुक अवश्य करावे. पण तिच्या कष्टाळूपणाचे गोडवे गाऊन आपण पुन्हा पांघरूण ओढून घेणार असू, तर त्या कौतुकाला काही अर्थ नाही. तिला उपदेशाची गरज नाही. तिला एक तास जास्त झोप मिळेल अशी व्यवस्था उभी करणे, हे तिच्या गावच्या, तिच्या बँकेच्या आणि सर्वांत आधी तिच्या घरच्या माणसांचे काम आहे.